सरदार हंबीरराव फॉन ऑटर्नवाल्ड

ऑस्ट्रियातल्या ऑटर्नवाल्ड या आठशे वर्षं जुन्या सरदार घराण्यानं आमच्या अर्जुनामामा हेळव्याच्या बैलाला, म्हणजे हंबीररावाला, आपला पूर्वज म्हणून बिनविरोध मान्यता दिली.

असं काहीही झालेलं नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण गावात अफवा आहेत आणि साताऱ्याच्या ऑफिसनंही मला तसं स्पष्ट करायला सांगितलंय. तर जे झालंच नाही ते कसं कसं झालं, एवढंच खाली देतो.

माझं नाव वाजिद अत्तार. राहणार जत तालुक्याचा पूर्व भाग, जिथं मोबाइलला सकाळी महाराष्ट्राची रेंज असते आणि संध्याकाळी कर्नाटकाची. आमच्या घरात पूर्वी अत्तर विकायचे. मी मेलेल्या माणसांचे तक्ते काढतो. साताऱ्यात एक कंपनी आहे, ती परदेशी लोकांना वंशावळी करून देते. ते जुने कागद पाठवतात, आम्ही चौकोन काढतो. चौकोनात नाव, खाली रेघ, रेघेखाली पोरं. काम घरूनच. आमच्या टीमच्या प्रमुख प्रांजल मॅडम. त्या साताऱ्यात बसतात आणि माझ्या चौकोनांवर लक्ष ठेवतात.

ऑटर्नवाल्डांचा तक्ता माझ्याकडे आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मूळ पुरुष वुल्फ्राम. त्यानं टेकडीवर किल्ला बांधला आणि खालून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून रस्ता वापरल्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे याला टोलनाका म्हणतात. त्या काळी टोलनाका टाकला की माणूस सरदार व्हायचा. वुल्फ्रामचा मुलगा कोनराड. कोनराडचा मुलगा परत कोनराड, कारण तेव्हा युरोपात नावांची टंचाई होती. हा दुसरा कोनराड धर्मयुद्धाला निघाला आणि वाटेतच जुलाबानं गेला. थडग्यावर मात्र तलवार कोरली आहे. त्याला दोन मुलगे, हाइनरिख आणि ओटो. त्यानंतर उलरिख, आणि उलरिखपासून आजपर्यंतचे सगळे ऑटर्नवाल्ड.

घोळ एवढाच, की उलरिखचा बाप हाइनरिख का ओटो, हे मठातल्या ज्या पानावर लिहिलं होतं ते पान जळालं. तक्त्यात त्या जागी चौकोन आणि चौकोनात प्रश्नचिन्ह. किल्ल्याच्या टेकडीवर राहणारे ऑटर्नवाल्ड म्हणतात हाइनरिख. टेकडीखालचे म्हणतात ओटो. याच्यानं आज कुणाला काय फरक पडतो? काहीच नाही. फरक पडला असता तर कोर्टात जाऊन मिटलं तरी असतं.

हे सगळं मला मार्गारेथे आजींनी कळवलं. त्या घराण्यातल्या सगळ्यात थोरल्या. दरवर्षी नाताळ झाला की सगळं घराणं एका सभागृहात जेवायला जमतं, वरचे एका भिंतीला, खालचे दुसऱ्या भिंतीला. दरवर्षी माणसं कमी होतात. भिंतीवर तक्ता लावला तर त्याच्याकडे बघायलाही कुणी उठत नाही. म्हणून आजींचं म्हणणं होतं, की या वेळी तक्ता कुणीतरी मोठ्यानं म्हणून दाखवावा. ऐकायला गोष्टीसारखं वाटलं पाहिजे.

प्रांजल मॅडम म्हणाल्या, "वाजिद, तुझा आवाज बरा आहे. तूच रेकॉर्ड कर."

मी केलं. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं फोन आला. "वाजिद, हे वाचन आहे का कर्जाच्या हप्त्याची आठवण आहे? मी वुल्फ्रामला झोपले ते कोनराडला उठले."

"कुठल्या कोनराडला मॅडम?"

"तेच तर कळलं नाही."

त्याच आठवड्यात अर्जुनामामा शेजारच्या वाडीवरून गावात आला. हेळवी म्हणजे दारोदार जाऊन ज्याची त्याची वंशावळ सांगणारा. काही हेळवी वह्या ठेवतात. मामाच्या घरात सगळं तोंडी. बैलावर बसून दारात येतो. तुमचा मूळ पुरुष कुठल्या गावातून निघाला, कुणाशी भांडून निघाला, कुठली लेक कुठं दिली, असं करत करत तुमच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडतो. तुम्ही मापभर धान्य घालता. एकदा धान्य घेतलं की ते घर जोडलं गेलं. जोडलेल्या घरी पुढच्या साली सांगायला जावंच लागतं. आणि सांगायचं ते बैलावरूनच. पाय जमिनीला टेकले की आपल्याला चुलत्याचंसुद्धा नाव आठवत नाही, असं मामा म्हणतो. अंबूमामी, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "किराणा तर बैलावरबी आठवत न्हाई."

मी पाहिलं तेव्हा मामा दादासोच्या दारात होता. दादासो आमचा शेजारी, डाळिंबवाला. पूर्वी त्याचं घराणं मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. आता तो डाळिंबं घेऊन युट्यूबवर असतो. मामानं त्याच्या मूळ पुरुषाला माणदेशातून आत्ता कुठं हलवलं होतं, तेवढ्यात दादासो म्हणाला, "मामा, व्हॉइस नोट टाका की. निवांत ऐकतो."

"आन् बैल?" मामा म्हणाला. "त्यो कसा टाकू?"

दादासोनं यावर विचार केला आणि गेट लावून घेतलं.

मामा माझ्याकडे वळला. हंबीररावाची पाठ रुंद, शिंगं मागं गेलेली, चेहरा नुकताच निवृत्त झालेल्या हेडमास्तरासारखा. मामा वरूनच म्हणाला, "वाजिदा, औंदा शेवटचं रं. पौषात खरसुंडीच्या जत्रंत हंबीररावाला इकायचं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"अंबूचं. गेल्या साली पडलो न्हवं का ह्याच्यावरनं, गुडघा गेला. ती म्हणती, कोण ऐकाय बसतंय म्हणून हाडं मोडून घेताय? तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर वॉचमनची जागा बघितलीया तिनं. खुर्ची देत्यात. तिथं काय सांगायचं गड्या? द्राक्षाच्या पोटी बेदाणा. झाली वंशावळ."

हसायला पाहिजे होतं, पण तो हंबीररावाच्या मानेवरून हात फिरवत होता आणि बैल डोळे मिटून उभा होता, म्हणून मी हसलो नाही. मी म्हणालो, "मामा, एक घर आहे. लांब आहे जरा."

"सोलापूर?"

"पुढं."

मी त्याला ऑटर्नवाल्ड समजावले. त्यानं मला प्रश्न विचारले. कुलदैवत कोण? मी शोधून सांगितलं, भाल्यानं अजगर मारणारा एक घोडेस्वार. "बरोबर हाय," मामा म्हणाला, जसं काही त्याला तेच अपेक्षित होतं. मूळ गाव सोडायचं कारण काय? थोरल्या भावानं घराबाहेर काढलं. "बरोबर." पुढं टेकडी, किल्ला, वतन, वतनावरून भांडण, एका काकानं पुतण्याला विहिरीत ढकललं. मामा माझ्याकडे बघत राहिला. "वाजिदा, ह्यात परदेशी काय हाय?"

पुढचा पंधरवडा आमच्या परसात शाळा भरली. मामा बैलावर, मी खाली उकिडवा, हातात तक्ता. नावं त्याच्या जिभेवर आपोआप चाल धरायची. अम्मीला एवढीच काळजी होती, की हंबीरराव वाफ्यात जाईल. "वाजिद, मेथी में गया तो देख, तेरी खानदान मैं सुनाती," असं ती रोज सांगायची.

अडलं ते प्रश्नचिन्हाला.

"हितं कोण?" मामानं विचारलं.

"माहीत नाही. अज्ञात म्हणा."

"अज्ञात म्हंजे? बापाचं नाव अज्ञात सांगू, भरल्या सभेत? मार खाशील." मग त्यानं मला त्याच्या घराण्याची रीत सांगितली. एखादं नाव विसरलं, हरवलं, तर ते सापडेपर्यंत त्या जागी आपल्या बैलाचं नाव घ्यायचं. जागा धरायची. "एस्टीत रुमाल टाकत्यात का न्हाई शिटावर? तसं. मोकळं सोडलं तर मागचं सगळं एकेक घर म्होरं सरकत्यात, आन् नातू आज्याच्या मांडीवर जाऊन बसतोय."

मला वाटलं, हा फक्त सरावापुरता बोलतोय. ही माझी चूक नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं.

नाताळनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे दुपारचं जेवण होतं, आमच्याकडे उन्हं उतरत होती. रेकॉर्डिंगऐवजी व्हिडिओ कॉलवर थेट सांगायचं ठरलं होतं, मराठीत असलं तरी चालेल असं आजींनी कळवलं होतं. परसात खुर्चीवर लॅपटॉप, समोर हंबीरराव, वर मामा, धुतलेलं धोतर, पिवळा फेटा. अंबूमामी भिंतीला टेकून उभी, "बघू काय करतंय" अशा चेहऱ्यानं. दादासो कुंपणावरून मान घालून. पडद्यावर सभागृह, वरचे ऑटर्नवाल्ड डावीकडे, खालचे उजवीकडे, मधोमध मार्गारेथे आजी, कानाला यंत्र लावून. प्रत्येकापुढं छापलेला तक्ता. एका कोपऱ्यात चौकोनात प्रांजल मॅडम, साताऱ्याहून.

मामानं कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

काय सांगायचं? त्या लोकांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण नावं कळत होती. वुल्फ्राम आला तेव्हा माना वर झाल्या. पहिला कोनराड आला तेव्हा बोटं तक्त्यावर आली. दुसरा कोनराड धर्मयुद्धाला निघाला आणि मामानं आवाज असा काही ताणला, की तो जुलाबानं नाही तर वाघानं गेला असं वाटलं. एक बाई डोळे पुसायला लागली. दोन्ही भिंतींची बोटं एकदम खाली सरकत होती, वाऱ्यावर पीक एका बाजूला झुकतं तशी. हाइनरिख आला, वरचे ताठ बसले. ओटो आला, खालचे ताठ बसले. सगळी बोटं प्रश्नचिन्हावर येऊन थांबली.

आणि मामा म्हणाला, "त्या घरात थोर सरदार हंबीरराव! हंबीररावाच्या पोटी उलरिख!"

पुढं तो थांबलाच नाही, पण सभागृह थांबलं होतं. कुणी तक्ता उलटा करून बघितला. प्रांजल मॅडमचा मेसेज आला : "हंबीरराव कोण???" तीन प्रश्नचिन्हं. तक्त्यात एकच होतं.

मामा आजच्या पोरापोरींपर्यंत आला, जयजयकार केला आणि गप्प झाला. मार्गारेथे आजी पुढं झुकल्या. "उलरिखचा बाप कोण म्हणालात?"

मला दोन-तीन चांगल्या थापा सुचल्या. पण वर मामा बसला होता, आणि खाली ज्याच्याबद्दल प्रश्न होता तो स्वतः उभा होता. मी खरं सांगितलं. बाई, हा बैल. ज्याचं नाव हरवलंय त्याची जागा हा धरून ठेवतो. नाव सापडलं की उठतो.

नेमका त्याच वेळी सरदार हंबीररावांनी शेपटी वर केली. सरदार होण्यात त्यांची ही एकच अडचण नव्हती. खोंड असतानाच ते खच्ची केलेले आहेत, त्यामुळे उलरिखचं काय किंवा कुणाचंच काय, पितृत्व त्यांच्याकडे जाणं अवघड. हेही मी सांगितलं. म्हटलं, पुढं कुणी शोधून काढायला नको.

मग टेकडीवरच्यांतला एक लाल गालांचा म्हातारा उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत गुरगुरला. खालच्यांतला एक म्हातारा उठला आणि तसाच गुरगुरला. आजींनी मला इंग्रजीत सांगितलं. पहिला म्हणतोय, बैल चालेल, पण ओटो नाही. दुसरा म्हणतोय, बैल चालेल, पण हाइनरिख नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आम्ही आठशे वर्षांत पहिल्यांदा एकमत झालो." आणि त्या अशा हसायला लागल्या की कानातलं यंत्र खाली पडलं. दोन्ही भिंतींवरची माणसं उठून मध्ये आली, पडद्याजवळ, बैल बघायला. एका पोरीनं पडद्यावरच त्याचं नाक खाजवलं.

कुंपणावरून दादासो म्हणाला, "बिनविरोध की रं!" तो दोनदा ग्रामपंचायतीला पडलेला असल्यामुळे त्याच्या आवाजात हेवा होता.

आजींनी शेवटी विचारलं, आम्ही तुमचं काय देणं लागतो? कंपनीचा दर मी सांगणार होतो, पण त्यांनी मामाला विचारलं होतं. मामा म्हणाला, "मापभर धान्य. आन् बैलाला कायतरी." मी तसंच्या तसं सांगितलं. प्रांजल मॅडमनी चौकोनात डोक्याला हात लावला.

एवढं होऊनही अंबूमामी बधली नाही. घरी जाताना म्हणाली, "टाळ्या वाजवल्या, बरं झालं. टाळ्या दळून भाकरी व्हत्या का? तेंचं जेवाण झालं, आता इसरतील. गुडघा कुणाचा गेलाय, तेंचा का ह्यांचा?" गुडघा खरंच मामाचा होता. जत्रा आली आणि मामा हंबीररावाला घेऊन चालत खरसुंडीला निघाला. जाताना बैलावर बसला नाही. शेजारून चालत गेला.

तो निघून चार दिवस झाले तेव्हा पार्सल आलं. माझ्या पत्त्यावर, नाव मात्र मामाचं. मी ते मामीकडे नेऊन दिलं आणि कामाला बसलो. संध्याकाळी मामीचा फोन. "वाजिदा, गहू कुणाचा रं ह्यो? काळपट हाय. गिरणीतनं दळून आणला, भाकरी केली, तर तव्याला सोडंना. चपाती केली तर लाटण्याला सोडंना."

"मामी, तो गहू नाही. ऑस्ट्रियाचं धान्य आहे. त्या आजींनी पाठवलंय. सगळं दळलं?"

तिकडून अगदी हळू, "म्या खाल्लीबी एक."

मामी स्वतः हेळव्याची लेक. घरात आलेलं धान्य परत पाठवता येतं. दळून पोटात गेलेलं पाठवता येत नाही. घर जोडलं गेलं होतं. पुढच्या साली सांगायला जावं लागणार होतं, आणि पाय जमिनीला टेकून सांगायची रीत नव्हती.

"आधी सांगाय येत न्हवतं व्हय!" मामी ओरडली. "आता बैल इकला तर कशावर बसून सांगनार ते? माझ्या डोस्क्यावर? गाडी काढ!"

सकाळी सकाळी मी, मामी आणि तिच्या मांडीवर पार्सलातली उरलेली वस्तू, असे मोटारसायकलवरून खरसुंडीला निघालो. वाटेत मामी सगळा वेळ ऑटर्नवाल्डांना शिव्या देत होती, पण घरच्या माणसांना देतात तशा.

जत्रेत धूळ, खिलार बैलांच्या रांगा, चहाच्या गाड्या. मामा एका चिंचेखाली सापडला. समोर व्यापारी, दोघांचे हात एका रुमालाखाली. इथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. बोटं ठरली की बैल गेला. मामाची मान खाली होती. हंबीरराव दुसरीकडे बघत होता.

मामीनं गाडी थांबायच्या आत उडी मारली, रुमाल उचलला आणि व्यापाऱ्याचा हात मनगटाला धरून बाहेर काढला, चोरी पकडल्यासारखा.

"आवं बाई, सौदा चाललाय!" व्यापारी म्हणाला.

"शिट धरलंय," मामी म्हणाली. "हितं माणूस येनार हाय."

मग तिनं बगलेतली पार्सलातली वस्तू पुढं केली. पितळेची मोठी घंटा, रुंद चामडी पट्ट्याची, त्यांच्या डोंगरात गाईंच्या गळ्यात असते तसली. पट्ट्यावर त्यांच्या लिपीत नाव कोरलेलं. मी वाचून दाखवलं : हंबीरराव फॉन ऑटर्नवाल्ड, म्हणजे ऑटर्नवाल्डचे हंबीरराव. मामीनं ती स्वतः त्याच्या गळ्यात बांधली. बैलानं मान हलवली आणि असा आवाज झाला, की शेजारच्या रांगेतले खिलारही वळून बघायला लागले.

मामा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, मग त्यानं मामीकडे बघितलं.

"बसा," मामी म्हणाली. "पर हळू. गुडघा जपून. आन् वाजिदा, त्या म्हातारीला सांग, म्होरच्या टायमाला जवारी धाडा म्हनावं."

परतल्यावर दादासोनं आपणहून गेट उघडलं. "मामा, आमचंबी सांगा की एकदा. त्यो माणदेशातनं निघाला त्याचं काय झालं पुढं?" मामानं सांगितलं. दादासोनं युट्यूब बंद करून ऐकलं. वॉचमनची खुर्ची तासगावला अजून रिकामी आहे, असं कळतं.

हे सगळं अर्थात झालेलं नाही. पण मार्गारेथे आजींनी मामाला पुढच्या नाताळला तिथं येऊनच सांगायचं आमंत्रण पाठवलंय, दोन्ही भिंतींच्या सह्यांनिशी, त्यामुळे न झालेल्या गोष्टीबद्दल मला एक अर्ज करावा लागला. त्याचा मसुदा सोबत.

"प्रति, मा. व्हिसा अधिकारी साहेब. विषय : कुटुंबभेटीसाठी प्रवेश-परवाना मिळणेबाबत. महोदय, अर्जदार क्र. १ अर्जुना हेळवी, व्यवसाय वंशावळ सांगणे. अर्जदार क्र. २ हंबीरराव, व्यवसाय पूर्वज, वैवाहिक स्थिती लागू नाही, ओळखीची खूण गळ्यात घंटा. अर्जदार क्र. २ यांचे आपल्या देशात वारस असून त्यांची व वारसांची प्रत्यक्ष भेट अद्याप झालेली नाही. अर्जदार क्र. १ यांस जमिनीवर पाय टेकून काहीही आठवत नाही. सबब अर्जदार क्र. २ यांस कुटुंबभेट या वर्गाखाली परवाना मंजूर व्हावा; त्यांचा बायोमेट्रिक ठसा पुढील उजव्या खुराचा ग्राह्य धरावा; आणि संपूर्ण प्रवासात अर्जदार क्र. १ हे अर्जदार क्र. २ यांच्यावर बसणार असल्याने विमानात दोघांत मिळून खिडकीजवळचे एकच आसन देण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."